बिनविरोधाचं एवढं कौतुक कशाला?

"आत्या, तुमच्या तिकडं एकाच पक्षातली माणसं महिनोन्‌महिने एकमेकांची उणीदुणी काढतात, आणि त्याला लोकशाही म्हणायचं?" भाच्याने घरच्या ग्रुपवर हे लिहिलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याचं पुढचं म्हणणं असं, की पक्षात मतदान घेतलं की पक्ष फुटतो. उमेदवार वरिष्ठांनी ठरवावा, कार्यकर्त्यांनी कामाला लागावं. हा मुलगा कराडकडच्या आमच्या गावात एका पक्षाचं काम मनापासून करतो. सभेच्या सतरंज्या घालण्यापासून मतदार याद्यांवर खुणा करण्यापर्यंत सगळं करतो. उमेदवार कोण असावा, हे त्याला आजवर कुणीही विचारलेलं नाही. तरी तो या पद्धतीची बाजू घेतो, याचाच मला राग आला.

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्सला राहते. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी डेमोक्रॅटिक पक्षात २००८ मध्ये झालेली ओबामा-क्लिंटन लढत मी पहिल्या रात्रीपासून पाहिली आहे. ३ जानेवारीला कडाक्याची थंडी होती. मी तेव्हा नागरिक नव्हते, नुसती बघायला म्हणून शाळेच्या जिममधल्या कॉकसला, म्हणजे उमेदवार निवडायला भरणाऱ्या पक्षाच्या सभेला, गेले होते. सात वाजता दारं बंद झाली. ओबामांची माणसं एका भिंतीला, हिलरींची दुसऱ्या भिंतीला, तिसरे इच्छुक एडवर्ड्स यांची बास्केटबॉलच्या रिंगखाली. ज्या गटात पंधरा टक्के माणसं भरली नाहीत तो गट मोडायचा आणि त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं. बायडन यांच्या गटात मोजकी मंडळी होती. त्यांना आपल्याकडे ओढायला दोन्ही बाजूंचे लोक धावले. हाय-व्ही या किराणा दुकानात रोज भेटणारी माणसं एकमेकांना आरोग्य विम्यावरून, इराकवरून समजावत होती. आवाज चढले, पण कुणी कुणाला गद्दार म्हटलं नाही.

त्या रात्री ओबामा पहिले आले. एडवर्ड्स यांना २९.७ टक्के, हिलरींना २९.४. मी मनाने हिलरींच्या बाजूची, त्यामुळे तो तिसरा क्रमांक फार झोंबला. पण राज्यभरातून जवळपास दोन लाख चाळीस हजार माणसं त्या थंडीत घराबाहेर पडली होती, २००४ च्या जवळजवळ दुप्पट. पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशायर हिलरींनी घेतलं, आणि मग पाच महिने धड झोप नव्हती. टेक्सासमध्ये दिवसा मतदान आणि संध्याकाळी कॉकस. मतदान हिलरींनी जिंकलं, अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी मात्र ओबामांना जास्त मिळाले. इंडियानात पावणेतेरा लाख मतांमध्ये फरक चौदा हजारांचा. ग्वामसारख्या बेटावर तर ओबामा अवघ्या सात मतांनी पुढे. मिशिगन आणि फ्लोरिडाने ठरलेल्या तारखेआधी मतदान घेतलं म्हणून पक्षाने त्यांचे प्रतिनिधीच रद्द केले होते. ३१ मे रोजी नियम समितीने वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांसमोर, टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे दिवसभर वाद घालून त्यांना अर्धं-अर्धं मत परत दिलं. लोक मागून ओरडत होते, घोषणा देत होते. तो दिवस मी टीव्हीसमोरून हलले नाही. पक्षाचा नियम काय आहे यावर पक्षानेच उघड्यावर भांडावं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

७ जूनला हिलरींनी माघार घेतली. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात ओबामांची निवड एकमताने करावी हा ठराव त्यांनीच मांडला. नोव्हेंबरमध्ये पक्ष जिंकला आणि हिलरी परराष्ट्रमंत्री झाल्या. पाच महिने उणीदुणी काढून पक्ष फुटला नाही, एवढंच भाच्याला सांगायचं आहे.

आणि आपल्याकडे काय झालं? २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. यांतला कुठला पक्ष अंतर्गत मतदानामुळे फुटला? खरी शिवसेना कुणाची, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाला ठरवावं लागलं. पक्षाच्या घटनेत पदाधिकारी नेमण्याची रीतच लोकशाहीला धरून नाही असं आयोगाने नोंदवलं आणि शेवटी आमदार-खासदारांची संख्या मोजली. वर्षभराने राष्ट्रवादीच्या बाबतीतही निकाल आमदारांच्या आकड्यावरच गेला. शाखेशाखेतल्या शिवसैनिकाला काय वाटतं, गावोगावच्या राष्ट्रवादीच्या माणसाला काय वाटतं, हे मोजायची सोयच नव्हती. नाराजी मोजायला जागा नसली की ती रात्रीत गाड्या भरून सुरतेला जाते.

सुरतेचं नाव निघालं की मला १९०७ आठवतं. भाच्यानेही मला तोच दाखला दिला: अध्यक्षपदाचा वाद झाला, मंचावर जोडा भिरकावला गेला, काँग्रेस फुटली. पण तिथे मतदान झालं कुठे? अध्यक्ष रासबिहारी घोष हे आधीच ठरलं होतं. टिळक मंचावर उपसूचना मांडायला उभे राहिले, तर त्यांना बोलू दिलं गेलं नाही. जोडा त्यानंतर आला. जहाल आणि मवाळ या दोन बाजू पुन्हा एकत्र यायला १९१६ चं लखनौ उजाडलं. उलट १९९७ मध्ये शरद पवार सीताराम केसरींविरुद्ध काँग्रेस अध्यक्षपदासाठी उभे राहिले, ८८२ मतं घेऊन हरले, आणि त्या मतदानाने पक्ष मोडला नाही. २०२२ मध्ये थरूर १,०७२ मतं घेऊन खर्ग्यांकडून हरले. त्यानंतरही ते पक्षातच राहिले. चव्हाट्यावर झालेल्या हारजितीने मोडण्याइतके आपले पक्ष लेचेपेचे नाहीत. त्यांना ती सवय लागू दिली जात नाही.

मला कुणी २०२४ ची आठवण करून देईल. बायडन यांनी जुलैमध्ये माघार घेतली आणि कमला हॅरिस यांना त्या वर्षी प्राथमिक फेऱ्यांत एकही लढत न देता उमेदवारी मिळाली. त्याआधी २०२० मध्ये आयोवात मोजणीचं अॅप कोसळलं, निकाल दिवसेंदिवस लटकला, आणि सगळ्यांत आधी कौल देण्याचा आमच्या राज्याचा मान पुढे डेमोक्रॅट्सनी काढून घेतला. या सगळ्याचं मला वाईट वाटतं, आणि हॅरिस यांच्याबद्दल तर मी तेव्हाच इथल्या मैत्रिणींशी भांडले. पण इथे चूक झाली की माणसं पक्षाला जाब विचारतात. २०१६ मध्ये हिलरींचे प्रतिस्पर्धी सँडर्स यांच्या लोकांनी सुपरडेलिगेट्सविरुद्ध, म्हणजे निवडून न येता अधिवेशनात मत असणाऱ्या पक्षनेत्यांविरुद्ध, इतका आवाज केला, की २०१८ मध्ये पक्षाने त्यांचा पहिल्या फेरीतला मताधिकार जवळपास काढून घेतला. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म शेवटच्या तासाला कुणाच्या हातात पडला, यावर आपल्याकडे कोण कुणाला जाब विचारतं?

"तुझं मत तिथं, मग इथं कशाला बोलतेस?" असंही भाच्याने लिहिलं. ते मला लागलं. अमेरिकन नागरिकत्व घेतलं तेव्हा इथलं मत आलं आणि गावाकडचं गेलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मी गावी कितीही वेळा येऊ शकते, वडिलांच्या रानातला हिस्सा नावावर ठेवू शकते, मत देऊ शकत नाही. जिथे माझं मत होतं तिथे माझ्या घरात पॅनल ओसरीवर ठरायचं आणि आम्ही मुली आतून चहा पाठवायचो. २०१६ मध्ये मी पहिल्यांदा त्याच जिममध्ये मतदार म्हणून उभी राहिले. सँडर्स यांच्या बाजूचा एक म्हातारा शेतकरी मला ओढून न्यायला आला आणि दहा मिनिटं माझ्याशी बोलला. मी गेले नाही. राज्यात हिलरी ४९.८ आणि सँडर्स ४९.६. त्या रात्री, इतक्या वर्षांनी, या गावात आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं असं मला वाटलं. कराडमध्ये ते कधीच वाटलं नव्हतं, आणि वाटायला हवं होतं, कारण माझं गाव तेच आहे.

ग्रामपंचायत बिनविरोध केली तर गावाला निधी, असं काही आमदार जाहीर करतात. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीला सरपंचपदाच्या जागांचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूक रद्द करावी लागली. आमच्या गावात लिलाव झाला नाही. मारुतीच्या देवळात बैठक झाली, महिला राखीव जागेसाठी माझ्या वहिनीचं नाव ठरलं, आणि बचत गट चालवणाऱ्या दोघींनी भरलेले अर्ज शेवटच्या दिवशी मागे घेतले गेले. अभिनंदन करायला मी फोन केला, तर वहिनी म्हणाली, "वन्सं, त्या दोघी उभ्या राहायला हव्या होत्या. मला किती मतं पडली असती, ते मला बघायचं होतं."