त्या नवऱ्याला हसू नका

१९९३ साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘मेन डोन्ट टेल’ नावाचा चित्रपट आला होता. नवरा झालेला पीटर स्ट्रॉस, बायको झालेली ज्युडिथ लाइट. बायको नवऱ्याला मारते आणि तो ते कुणाला सांगत नाही, ही त्याची गोष्ट. ज्युडिथ लाइट तोवर तिथल्या घराघरांत एका हलक्याफुलक्या विनोदी मालिकेमुळे लाडकी होती. तोच ओळखीचा, गोड चेहरा इथे हात उगारतो. मला ही निवड फार मोलाची वाटते. अशी बाई चारचौघांत कजाग दिसतेच असं नाही, म्हणून तर नवऱ्याचं कुणाला खरं वाटत नाही.

एका झटापटीत ती खिडकीतून पडते आणि पोलिसांचा संशय येतो तो त्याच्यावर. वर्षानुवर्षं मार खाल्लेला माणूस आरोपीच्या जागी बसतो.

‘तो उलट हात का उचलत नाही?’ हा प्रश्न अशा प्रत्येक कथेवर विचारला जातो. त्याने एकदा जरी हात उचलला, तरी त्याआधीचं सगळं पुसलं जाणार आणि तेवढंच उरणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. घर सोडावं तर मुलं तिच्यापाशी राहणार. आणि काही पुरुषांना बाईवर हात टाकायचाच नसतो. याला दुबळेपणा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

आपल्याकडे हाच नवरा कायम विनोदासाठी वापरला गेला. हातात लाटणं घेतलेली बायको आणि पलंगाखाली दडलेला नवरा हे दिवाळी अंकांतलं हास्यचित्र आता व्हॉट्सॲपवर फिरतं. मी राहते त्या इमारतीत एका घरातून रात्री आरडाओरडा ऐकू यायचा. सकाळी तो गृहस्थ मान खाली घालून लिफ्टमधून उतरला की पार्किंगमध्ये लोक एकमेकांना डोळे मारायचे. “काय, आज पण प्रसाद मिळाला वाटतं!” त्याच्या गालावर ओरखडे होते. बाईच्या गालावर तसे ओरखडे दिसले असते, तर निदान दोन बायका तरी तिच्या दारात गेल्या असत्या.

कायद्याचं म्हणाल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बाईसाठी आहे, नवऱ्याला त्याखाली दाद मागता येत नाही. पण दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११५ कुणालाही लागू होतं, आणि क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात नवऱ्यालाही मागता येतो. म्हणजे वाट अरुंद आहे, बंद नाही. मात्र पोलीस ठाण्यात “बायकोने मारलं” असं सांगितल्यावर समोरचा हसणार, या भीतीनेच माणूस पायरी चढत नाही.

आणि एक गोष्ट ठासून सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. हा आकडा भयंकर आहे आणि बायकांसाठीचे कायदे त्यासाठीच लागतात. एखादी बाई स्वतःवरच्या माराबद्दल लिहिते तेव्हा खाली येऊन “पुरुषांचं काय?” विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा त्या पुरुषाशीही देणंघेणं नसतं. एरवी तेच “बायकोच्या ताटाखालचं मांजर” म्हणून त्याची टर उडवतात.

इंग्लंडमध्ये जोडीदाराला सतत धाकात, ताब्यात ठेवणं हा २०१५ पासून गुन्हा आहे. करणारा पुरुष की बाई, हे तो कायदा पाहत नाही. २०१८ मध्ये एका तरुणीला याखाली शिक्षा झाली. तिने जोडीदाराला उपाशी ठेवलं होतं, उकळत्या पाण्याने भाजलं होतं. आपल्या न्यायालयांना आणि पोलिसांना तशी नजर यावी, असं मला मनापासून वाटतं. ती यायला बायकांच्या कायद्यातली एक ओळही कमी करावी लागत नाही.

तुमच्या भावाने, मित्राने असं काही सांगितलं तर “बांगड्या भरल्यास का?” म्हणू नका. लागलंय का ते आधी पाहा, त्याला दवाखान्यात न्या आणि जखमांची नोंद करून घ्या. जिवाला धोका असेल तर ११२ लावा. तो मनाने खचला असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक पुरुषांसाठीही आहे.