'चूक झाली तर शिव्या मलाच' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

हाताखालच्या लोकांवर कामं सोपवावीत, या माझ्या लेखावर आपण तिखट लिहिलंत, बरं केलंत. आपलं म्हणणं असं : बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक भागातल्या छोट्या शेडमध्ये समजावत बसण्यापेक्षा स्वतः केलेलं लवकर होतं, माणसं तयार नसतात, आणि माल परत आला तर पार्टीचा, म्हणजे माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा, फोन सुपरवायझरला नाही, आपल्यालाच येतो.

फोनचं शंभर टक्के खरं. पार्टीला जबाब आपणच द्यायचा. म्हणूनच काम देताना हद्द आधी ठरवायची. 'खरेदीचं काम दिलं तरी कामावरचा मुलगा दर वेळी विचारायला येतो,' असं आपणच लिहिलंय. येणारच! आपण त्याला धावपळ दिलीत, निर्णय दिला नाहीत. पाच हजारांपर्यंतचं टूलिंग (मशीनला लागणारी हत्यारं) न विचारता मागव, सप्लायर बदलायचा असेल तर आधी सांग, एवढं मोकळं बोला. मग त्याने इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं बदलायचं पातं, शंभर रुपये महाग आणला, तर चारचौघांत हिशेब मागू नका. एकदा मागितलात की तो जन्मभर विचारत राहील, आणि 'याला अक्कल नाही' म्हणायला आपण मोकळे.

नजर ठेवायचीच. पण लॉट चालवण्याआधी पहिला नग तपासतो, तशी. पूर्ण माल निघाल्यावर नव्हे.

माणसं तयार नसतात, हेही खरं. १९१० साली ग्रंथालयं उभी करायला सयाजीरावांना तरी बडोद्यात तयार माणसं कुठे मिळाली? त्यांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणलं. बॉर्डननी नुसती पुस्तकं लावली नाहीत, १९११ मध्ये इथल्या लोकांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग काढला. १९१३ मध्ये ते परत गेले, ग्रंथालयं वाढतच राहिली. राजाकडे पैसा होता म्हणाल, कबूल. पण शिकवायला लागणारा वेळ त्यांनाही द्यावाच लागला.

पगारवाढ, कुणाला काढणं, बिघडलेल्या मालाबद्दल पार्टीशी पहिलं बोलणं, ही कामं मात्र कुणाला देऊ नका.

राहिलं 'स्वतः लवकर होतं'. वर्षातून एकदा येणारं काम खुशाल स्वतः करा. पण ई-वे बिलं, म्हणजे गाडीतून माल पाठवताना ऑनलाइन काढायची जीएसटीची कागदपत्रं, आपण रोज रात्री स्वतः बनवता म्हणे. तिथे समजावण्यात गेलेले चार दिवस महिन्याभरात वसूल होतील. डिस्पॅचचा मुलगा संगणकावर बसतो ना? सोमवारपासून त्यालाच बसवा. पहिले काही दिवस बिल निघण्याआधी गाडी नंबर आणि रक्कम तेवढी बघा.