सोडियम बॅटरी आधी इन्व्हर्टरला लावा, गाडीचं नंतर बघू

सोडियम-आयन बॅटरीचा (लिथियमच्या जागी सोडियम वापरणारी, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी) विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी किती किलोमीटर जाणार?" उत्तर मिळतं, लिथियमपेक्षा कमी. झालं, चर्चा तिथेच संपते. मला याचा खरंच त्रास होतो, कारण आपल्या देशात या बॅटरीने ज्या गोष्टीची जागा घ्यायला हवी ती गोष्ट महागड्या इलेक्ट्रिक कारमध्ये नाहीये, ती घराच्या कोपऱ्यात, किराणा दुकानाच्या काउंटरखाली आणि ई-रिक्षाच्या सीटखाली बसलीये. शिशाची बॅटरी. गॅस्टन प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली शोधलेली, आणि आज २०० किमी रेंज कमी की जास्त यावर भांडणारे आपण सगळे रात्री लाइट गेली की तिच्याच भरवशावर पंखा लावून झोपतो.

कोकणातल्या बंद घरातला इन्व्हर्टर डोळ्यासमोर आणा. चाकरमानी गणपतीला येणार, मग शिमग्याला, मग मे महिन्यात आंबे खायला. मधले महिने घराला कुलूप, मेन स्विच बंद. बॅटरी आपोआप हळूहळू उतरत जाते, आणि उतरलेली शिशाची बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात, कडक होतात, मग कितीही चार्ज करा ती पूर्वीसारखी भरतच नाही. घर उघडल्यावर काय दिसतं ते कोकणातल्या प्रत्येकाला माहितीये, टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचलेली, ती गरम पाणी ओतून जुन्या टूथब्रशने घासायची, वरून व्हॅसलिन लावायचं, झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, खाली फरशीला अॅसिडचा डाग पडलेला असतोच, आणि हे सगळं करून रात्री लाइट गेली की अर्ध्या तासात इन्व्हर्टर टूं टूं करायला लागतो. मग तालुक्याला जाऊन नवी बॅटरी. दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर (नळीसारख्या प्लेटांची शिशाची) बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते, ती उचलून माडीवर न्यायला दोन माणसं लागतात.

आता सोडियमचं एक वैशिष्ट्य सांगतो, जे बातम्यांमध्ये शेवटच्या ओळीत येतं किंवा येतच नाही. लिथियम-आयन सेलमध्ये ऋण बाजूला तांब्याचा पातळ पत्रा लागतो, कारण तिथे अॅल्युमिनियम वापरलं तर लिथियम त्याच्याशी मिश्रधातू बनवतं आणि पत्रा खराब होतो. सोडियम अॅल्युमिनियमशी तसं वागत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियम चालतं. एक तर ते तांब्यापेक्षा स्वस्त आणि हलकं. पण माझ्या दृष्टीने मोठा फायदा दुसराच आहे. लिथियम सेल प्रमाणाबाहेर उतरला की तांबं विरघळायला लागतं, नंतर चार्ज करताना ते नको तिथे जाऊन बसतं, आतल्या आत शॉर्टचा धोका. सोडियम सेल पार शून्य व्होल्टपर्यंत उतरवून ठेवता येतो, त्याच अवस्थेत ट्रकमधून नेता येतो, आणि परत चार्ज केला की कामाला लागतो. बंद घरातल्या, महिनोन्महिने कोणी न बघणाऱ्या बॅटरीसाठी याहून चांगला गुण कुठला? आपल्याकडे बॅटरीची जी आबाळ होते ती सहन करणारी केमिस्ट्री आहे ही, आणि तिचं मोजमाप आपण करतोय मुंबई-पुणे एका चार्जमध्ये होईल का यावर!

हे तंत्रज्ञान काल-परवा उगवलेलं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात लिथियम आणि सोडियम दोन्हींवर संशोधन जवळजवळ बरोबरीने चालू होतं. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बाजारात आणली आणि मग सगळा पैसा, सगळी माणसं तिकडे गेली. सोडियम मागे पडायचं एक मोठं कारण म्हणजे ग्रॅफाइट. लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये व्यवस्थित शिरतात, सोडियमचे तसे टिकून बसत नाहीत, आकाराने मोठे आणि तिथलं रसायनही जुळत नाही. मग २००० साली स्टीव्हन्स आणि डान या दोघांनी दाखवलं की हार्ड कार्बनमध्ये सोडियम भरपूर साठवता येतो. ग्रॅफाइट म्हणजे नीट रचलेला कागदांचा गठ्ठा समजा, तर हार्ड कार्बन म्हणजे तेच कागद चुरगाळून भरलेलं पोतं, थर वेडेवाकडे, मध्ये मध्ये बारीक पोकळ्या, आणि त्या पोकळ्यांमध्ये सोडियम जाऊन बसतो.

आणि हा हार्ड कार्बन कशापासून बनतो? नारळाच्या करवंटीपासून बनतो! हवा लागू न देता हजार अंशाच्या वर तापवायचं, आधी-नंतर नीट साफ करून राख आणि क्षार काढायचे. उसाच्या चिपाडापासूनही प्रयोगशाळांमध्ये बनवलाय. ज्या राज्यात एका बाजूला नारळ आणि दुसऱ्या बाजूला साखर कारखाने आहेत तिथे कोणीतरी याकडे गांभीर्याने बघायला नको का? सोपं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, चिपाड आज कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळून वीज देतंच, आणि बॅटरीला लागणाऱ्या कार्बनमध्ये प्रत्येक लॉटची शुद्धता सारखी पाहिजे, शेतातला माल तसा येत नाही. पण हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे, खाणीचा नाही. खाण आपल्याकडे नसेल तर काहीच करता येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीला ५९ लाख टन लिथियमचा साठा असल्याचं जाहीर झालं तेव्हा किती जल्लोष झाला होता, पण तो प्राथमिक अंदाज होता, तिथून बॅटरीच्या दर्जाचं लिथियम हातात यायला फार मोठा पल्ला आहे. सोडियमसाठी धुण्याचा सोडा लागतो. सोडियम कार्बोनेट. गुजरातमध्ये मिठापूरला टाटा केमिकल्स तो मिठापासून कित्येक दशकं बनवतेय.

बरं, आता दुसरी बाजू, कारण व्हॉट्सअॅपवर फिरणारे "मिठाच्या पाण्यावर चालणारी बॅटरी, कधीच पेट घेत नाही, लिथियमच्या निम्म्या किमतीत" हे फॉरवर्ड वाचून माझं डोकं उठतं. मिठाचं पाणी वगैरे काही नसतं त्यात. बहुतेक सोडियम सेलमध्ये इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आतून आयन वाहून नेणारं द्रव, लिथियम बॅटरीसारखंच सेंद्रिय द्रावण असतं, ते ज्वलनशील असतं, सेल बिघडला तर तापून पेटूही शकतो. केमिस्ट्री कुठली निवडलीये त्यावर धोका कमी-जास्त होतो. सोडियममध्येही धन बाजूच्या पदार्थाची तीन मोठी घराणी आहेत, लेयर्ड ऑक्साइड, प्रशियन ब्लू जातीतली (हो, चित्रकारांचा तोच निळा रंग, त्याच कुळातलं संयुग) आणि पॉलिअॅनिऑन (फॉस्फेटसारखी संयुगं). पहिलीत ऊर्जा जास्त मावते पण हवेतला ओलावा सोसत नाही, तिसरीत ऊर्जा कमी पण आयुष्य मोठं. मला विचाराल तर इन्व्हर्टरसाठी तिसरी. भिंतीला टेकून उभ्या डब्याचं वजन दोन-चार किलो इकडे-तिकडे झालं तर कोणाचं काय बिघडतं?

किमतीचंही खरं सांगायला पाहिजे. २०२२ च्या शेवटी लिथियम कार्बोनेट टनाला ८०,००० डॉलरच्या आसपास गेलं होतं, तेव्हा सगळ्यांना सोडियमची आठवण आली. मग भाव कोसळले, २०२४ मध्ये दहा-बारा हजारांवर आले, आणि सोडियमची हवा गेली. सोडियम बॅटरी बनवणारी अमेरिकेतली नॅट्रॉन एनर्जी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडली. स्वीडनच्या नॉर्थव्होल्टने २०२३ मध्ये सोडियम सेल गाजावाजा करून दाखवला होता, मार्च २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. बऱ्याच लोकांनी यावरून निष्कर्ष काढला की सोडियम फेल. पण त्याच काळात चीनमध्ये काय चाललं होतं बघा. जानेवारी २०२४ मध्ये सोडियम बॅटरीची छोटी कार ग्राहकांना मिळायला लागली. जून २०२४ मध्ये हुबेई प्रांतात १०० मेगावॉट-अवरचं सोडियम स्टोरेज ग्रिडला जोडलं. एप्रिल २०२५ मध्ये सीएटीएल या तिथल्या बड्या बॅटरी कंपनीने किलोला १७५ वॉट-अवरचा सेल जाहीर केला, जो एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम बॅटरीतली स्वस्त जात) लिथियमच्या अगदी जवळ जातो. लिथियमची सगळ्यात मोठी साखळी ज्या देशाच्या हातात आहे तोच देश सोडियमवरही पैसा लावतोय, भाव पडलेले असताना लावतोय. मला ही गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते. आणि जुलै २०२५ मध्ये त्याच देशाने एलएफपी कॅथोड (बॅटरीच्या धन बाजूचा पदार्थ) बनवण्याच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर निर्बंध घातले. आज स्वस्त मिळतंय म्हणून उद्या मिळेलच याची खात्री कोण देणार?

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही, आणि हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. पुण्यात गाड्यांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःचं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं, आयसर या विज्ञान संस्थेच्या पुण्यातल्या डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटासोबत कित्येक वर्षं केलेलं काम होतं ते, नंतर उत्पादनासाठी दुसऱ्या कंपनीबरोबर करारही झाला. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटर या संशोधन संस्थेतल्या गटाने २०२५ मध्ये सहा मिनिटांत ८० टक्के चार्ज होणारा सोडियम सेल दाखवला. रिलायन्सने २०२१ च्या अखेरीस इंग्लंडची फॅराडिऑन दहा कोटी पौंडांना घेतली, त्या कंपनीकडे सोडियमची चांगली पेटंट्स होती. म्हणजे डोकी आहेत, पेटंट आहेत, पैसेवाले आहेत. दुकानात बॅटरी कुठंय? तुमच्या जवळच्या बॅटरीवाल्याकडे जाऊन सोडियमची इन्व्हर्टर बॅटरी मागा, तो तुम्हाला ट्यूब्युलर दाखवेल, फार तर लिथियम दाखवेल.

माझ्या मते अडलंय ते मागणीपाशी. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये बॅटरी सेलच्या कारखान्यांसाठी १८,१०० कोटींची पीएलआय (उत्पादनावर प्रोत्साहन रक्कम देणारी) योजना आणली, ५० गिगावॉट-अवरचं लक्ष्य ठेवलं, आणि चार वर्षं उलटून गेल्यावरही त्यातलं फारच थोडं उभं राहिलंय. कारखान्याला अनुदान देऊन नवीन केमिस्ट्री रुजत नाही, कारण कारखानदार शेवटी हिशोब करतो की आज हा माल घेणार कोण, आणि लिथियमचे भाव कोसळल्यापासून खुल्या बाजारात सोडियम घेणारा सापडणं कठीण झालं. मग पहिला गिऱ्हाईक सरकारने व्हायला काय हरकत आहे? जिल्हा परिषदेच्या शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामपंचायतींची ऑफिसं, सगळीकडे इन्व्हर्टर आहेत, सगळीकडे शिशाच्या बॅटऱ्या आहेत, आणि त्यांच्यात वेळेवर पाणी घालायची जबाबदारी कोणाचीच नसते. आरोग्य केंद्राची बॅटरी मेली तर ते नुसतं गैरसोयीचं राहत नाही, रात्रीच्या बाळंतपणाच्या वेळी मोबाइलचा टॉर्च धरायची पाळी येते. एका जिल्ह्यापासून सुरू करा. एक टेंडर काढा ज्यात लिहा की बॅटरी सोडियमची पाहिजे, सेल देशात बनलेला पाहिजे, इतकी वर्षं वॉरंटी पाहिजे. थोडे जास्त पैसे जातील, जाऊ देत. सोलर पॅनलच्या बाबतीत आपण उशीर केला आणि सेल-वेफर बाहेरून आणत बसलो, आता तेच पुन्हा नको.

आणि इन्व्हर्टर बनवणाऱ्यांना एक सांगणं आहे, कारण हा मुद्दा कोणी बोलतच नाही. उदाहरणार्थ लेयर्ड ऑक्साइडच्या एका सोडियम सेलचं सरासरी व्होल्टेज ३.१ च्या आसपास, म्हणजे चार सेल जोडले की बारा व्होल्टच्या बॅटरीसारखं वाटतं. वाटतं एवढंच. भरलेली असताना हीच बॅटरी १६ व्होल्टच्या जवळ जाते आणि पूर्ण वापरायची तर ६-८ व्होल्टपर्यंत खाली यावं लागतं. आपला नेहमीचा इन्व्हर्टर साडेचौदाच्या आसपास चार्जिंग थांबवतो आणि साडेदहाला कट मारतो. म्हणजे शिशाची काढून तिथे सोडियमची लावली तर ती वरूनही पूर्ण भरणार नाही आणि खालूनही बराच चार्ज आत शिल्लक असतानाच इन्व्हर्टर बंद पडणार, मग लोक म्हणणार सोडियम बेकार. दोष बॅटरीचा नसेल, मधल्या सर्किटचा असेल. एवढा मोठा व्होल्टेजचा पट्टा हाताळणारा कन्व्हर्टर बनवणं काही अवघड नाही, पुण्या-नाशिकच्या एमआयडीसीतली पोरं सहज करतील. मला तर वाटतं पहिली सोडियम बॅटरी इन्व्हर्टरसकट एकाच डब्यात विकावी, म्हणजे जुन्या मशीनला जोडून तिची बदनामी व्हायचा प्रश्नच येत नाही.

वजनाचा हिशोबही करून बघा. शिशाची बॅटरी किलोला ३०-४० वॉट-अवर देते आणि तिचं आयुष्य टिकवायचं तर अर्ध्याच्या खाली उतरवू नये म्हणतात. सोडियमचा पॅक, बॉक्स-वायरिंग सगळं धरून, किलोला शंभर धरला तरी पन्नास किलोच्या बॅटरीचं काम वीस किलोच्या आत होतं आणि पाणी घालायचं नाव नाही. ई-रिक्षावाल्यासाठी तर हा सरळ पोटाचा प्रश्न आहे, शिशाच्या बॅटऱ्यांचा सेट वर्षा-दीड वर्षात बसतो आणि नव्या सेटचं कर्ज फिटेपर्यंत पुढचा सेट घ्यायची वेळ येते. चीनमध्ये सोडियमच्या स्कूटर विकायला आल्यात, आपल्या ई-रिक्षाला आधी मिळायला पाहिजे होतं हे.

शिशाच्या रिसायकलिंगबद्दल वेगळी पोस्ट लिहीन, तो विषय दोन ओळींत बसणारा नाही. भंगारवाल्याकडे गेलेली बॅटरी कुठल्यातरी शेडमध्ये फोडली जाते, अॅसिड नाल्यात आणि शिशाचा धूर आजूबाजूच्या पोरांच्या रक्तात. बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ मध्ये आले, अंमलबजावणी कशी चालते ते आपण बघतोच.

तुमच्यापैकी कोणी सोडियमचे सुटे सेल मागवून त्यावर सोलर किंवा इन्व्हर्टर चालवत असेल तर कृपया कमेंटमध्ये आकडे टाका. चार्ज कितीवर थांबवता, कट कितीला ठेवलाय, उन्हाळ्यात सेल किती तापतो, कुठला बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) वापरलाय. विदर्भात कोणी करत असेल तर फारच छान, ४५ डिग्रीतले आकडे मला हवेच आहेत.