हात सुटले तर बॉल कशावर आदळणार? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

फुटबॉलच्या गोलकिपिंगवरच्या माझ्या लेखातला 'आधी कॅच, नाहीच जमलं तर पंच (म्हणजे मुठीनं ठोसा)' हा सल्ला तुम्हाला जुनाट वाटला. आताचा बॉल हवेत नाचतो, मोठे किपर सर्रास ढकलून देतात, २००२ च्या वर्ल्ड कप फायनलला जर्मनीचा किपर ऑलिव्हर कान कॅचच्या नादात फसला, आणि हाताचा 'डब्ल्यू' (दोन्ही पंजांचा W सारखा आकार) वगैरे पुस्तकी गोष्टी आहेत, असं तुम्ही लिहिलंत. सहा सेकंदांची चूकही काढलीत.

ती चूक आधी मान्य करतो, म्हणजे मोकळा होतो. २०२५-२६ च्या हंगामापासून नियम बदललाय. किपरनं बॉल हातात आठ सेकंदांच्या वर ठेवला की समोरच्यांना थेट कॉर्नर. पूर्वी सहा सेकंद होते आणि इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यातून थेट गोल धरत नाहीत) मिळायची. माझ्या डोक्यात तेच बसलेलं.

आता कान. ब्राझीलच्या रिवाल्डोचा फटका घ्यायला तो खाली गेला, बॉल निसटून पुढं पडला, रोनाल्डो टपूनच होता. पण तो फटका काही पार कोपऱ्यातला नव्हता. ढकलायचा तर कुठं? समोरच ना? बॉल समोर पडला हाच तर सगळा घोळ! त्यामुळं हे उदाहरण तुमच्यापेक्षा माझ्याच बाजूचं आहे.

तरी एक कबूल. कॅच कधी आणि ढकलायचं कधी, हे मी लेखात नीट लिहिलं नाही. सकाळी पोरांना शिकवताना मी एवढंच विचारतो, 'हात सुटले तर बॉल कशावर आदळणार?' छाती, पोट, मांडी, काहीतरी मागं असेल तर कॅच. मागं नुसती जाळी असेल तर ढकला. गोल ७.३२ मीटर रुंद. मधोमध उभं राहिलं तरी दोन्हीकडं साडेतीन मीटरच्या वर उरतं. तिथं अंग पार ताणून जेमतेम बोटं पोचतात, कॅच कसला होतोय? मनगट घट्ट ठेवायचं, बॉल पोस्टच्या बाहेर काढायचा. टीव्हीवर तुम्ही बघता ते बहुतेक हेच. पोटाशी निवांत घेतलेला बॉल परत परत कोण दाखवणार?

मी स्वतः एकदा छातीवरचा साधा बॉल ऐटीत ढकलला होता, तोही मधे. पुढचा महिनाभर पेठेत चहा प्यायची सोय राहिली नव्हती.

डब्ल्यू पुस्तकी नाही हो. बॉल साधारण २२ सेंटिमीटर रुंद असतो. तळवे दोन बाजूंना लावले तर जोराचा फटका मधून सटकून थेट तोंडावर येतो. अंगठे जवळ आणून बॉलच्या मागं ठेवले की वाट बंद. हे छातीच्या वरच्या बॉलला. कमरेच्या खाली सगळं उलटं: करंगळ्या जवळ, तळवे वर, आणि कोपरं आत. कोपरांवर मी एकच ओळ लिहिली होती, खरं तर अख्खा लेख तिथं हवा होता. कोपरं फाकली की बॉल पोटावर आपटून पुढं उडतो आणि पोरगं म्हणतं, 'सर, बॉलच लई फास्ट होता.' फास्ट नसतो. कोपरं जवळ असली की हात पाळण्यासारखे होतात, बॉल त्यातून वर सरकत छातीशी येतो, आणि वरनं अंग झाकलं की संपलं.

सरपटी बॉलला एक गुडघा खाली, दुसऱ्या पायाच्या टाचेजवळ, मधली फट बॉलपेक्षा कमी. आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या हिरवळीवर याचा आळस एखाद्या वेळी खपून जाईल. गांधी मैदानात खपत नाही. तिथं पावसाळ्यात पाणी साचतं, वाळल्यावर खड्डे उरतात, आणि हातात येणारा बॉल शेवटच्या टप्प्याला कुठं उडेल सांगता येत नाही. हात चुकले तर गुडघा वाचवतो.

क्रॉसच्या (बाजूनं गोलसमोर उचलून टाकलेल्या बॉलच्या) बाबतीत मात्र तुमचं पटलं. गोलसमोर चार जण उड्या मारतायत, स्टेडियममध्ये दोन्ही तालमींच्या (म्हणजे इथल्या टीमच्या) लोकांचा असा गलका की 'किपर!' म्हणून ओरडलेलं स्वतःच्या बॅकलाही (बचाव करणाऱ्यालाही) ऐकू जात नाही, तिथं कॅचचा हट्ट नको. बॉल आला तिकडंच परत घालवायचा तर दोन मुठी; पलीकडच्या बाजूला तसाच पुढं काढायचा तर एक मूठ पुरते. मूठ चपटी, अंगठा बाहेर.

ग्लोव्हजचं विचारलंत. कोरड्या धुळीत रबराची पकड जाते, म्हणून गोलपोस्टजवळ पाण्याची बाटली ठेवा. तळवे किंचित ओले करून एकमेकांवर चोळायचे. महागातले घ्यायची गरज नाही, पोरांची बोटं दोन महिन्यांत वाढतात.

आणि हो, लेखातल्या फोटोत माझ्या पुतण्याचे अंगठे एकमेकांपासून लांब आहेत, ते तुम्ही बरोबर हेरलंत. फोटो काढताना मी त्याच्या केसांकडं बघत होतो. रविवारी दुसरा काढून लावतो.