मँडरीन मासा आणि 30 लिटरची टाकी: खुलासा

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर चार दिवसांपासून एक मेसेज फिरतोय: 'मँडरीन मासा 30 लिटरच्या रीफ टाकीतही मजेत राहतो. दगडावरचं शेवाळ खातो, वेगळं खाणं घालावं लागत नाही.' ही माहिती चुकीची आहे. (मँडरीन हा समुद्रातला छोटा रंगीत मासा; रीफ टाकी म्हणजे प्रवाळ ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी.)

मँडरीन शेवाळावर जगत नाही. दिवसभर दगडावरून तो जे टिपत असतो ते मुख्यतः कोपेपॉड, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारे जिवंत जीव. लहान टाकीतले ते बघता बघता संपतात, आणि हा खातो त्या वेगानं नवे तयार होत नाहीत. माझ्याकडचा असाच उपासमारीनं गेला. शेवटपर्यंत दगड टिपत होता, निळा-नारिंगी रंगही तसाच, म्हणून मला वाटलं खातोय. वरून वाकून पाहिलं तेव्हा डोक्यामागे अंग चिमटलेलं, पोट आत ओढलेलं. तोवर उशीर झाला होता.

याला भरपूर जिवंत दगड (म्हणजे बारीक जीव वस्तीला असलेले समुद्री दगड) असलेली, वर्षभर तरी चालू राहून मुरलेली, 250-300 लिटरची टाकी हवी. काही मँडरीन गोठवलेलं खाणं घेतात, हे खरं. पण दुकानात डोळ्यांसमोर खाताना बघूनच घ्या, आणि तरी दिवसातून अनेकदा घालायची तयारी ठेवा. त्यात आपल्याकडचा मे महिना: लहान टाकीचं पाणी झटकन तापतं, उडतं, खारटपणा वाढतो.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.