दोन्ही हात भाजलेली नववधू

गेली चार वर्षे मी आठवड्यातून सहा दिवस, रात्री साडेआठच्या ठोक्याला, एका सुखी कुटुंबाची वाट लावते. मालिकेत मी थोरली जाऊ आहे. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे, झोपतानाही तिच्या अंगावर पैठणी असते, आणि आजवर तिने एक मृत्युपत्र बदलले आहे, दोन लग्ने मोडली आहेत व एका गरोदर बाईच्या वाटेत तेल सांडले आहे. प्रत्यक्षात मी झुरळाला भिते आणि रिक्षावाल्याकडे उरलेले पाच रुपये मागण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही. तरीही आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मी शिरले की एक आजी नातीचा हात घट्ट धरतात, आणि जिन्यात कुणाचे पाणी सांडले तरी वॉचमन आधी माझ्याकडे बघतो.

नऊची शिफ्ट असली की मेकअपच्या खुर्चीत आठला बसावे लागते, आणि घोडबंदर रस्त्याची मर्जी सांभाळायची तर घरातून साडेसहालाच निघावे लागते. बारा तासांनी पॅकअप अपेक्षित असते. पण ‘ताई, फक्त एक क्लोज राहिलाय’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारले, त्याला बहुधा घर नसावे. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटे उरतात. ही मिनिटे रोजच्या रोज भरायची असल्यामुळे नायिका नुसते ‘नाही!’ म्हणाली, तरी दिवाणखान्यातल्या अकराही माणसांना आळीपाळीने दचकावे लागते. मी एकटीच दचकत नाही. मी डावी भुवई उचलते. माझी सारी कारकीर्द या भुवईवर उभी आहे, आणि ती विंचरणाऱ्या मेकअप दादांना मी राखी बांधते.

या प्रकाराला ‘सोप ऑपेरा’ म्हणतात, कारण १९३० च्या दशकात अमेरिकेतील साबणवाल्या कंपन्या रेडिओवरच्या कौटुंबिक मालिकांचा खर्च उचलत असत. साबण कधीच विरघळला. घरातली धुणी चारचौघांत धुण्याची प्रथा तेवढी राहिली. ती किती साफ धुतली गेली, हे आम्हांला दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आल्यावर कळते. त्या दिवशी सेटवर कुणी मोठ्याने हसत नाही आणि क्रिएटिव्हच्या मुली फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभ्या असतात. आकडा घसरला की कथेत कुणीतरी जिन्यावरून घसरते.

अशाच एका घसरत्या हंगामात माझे लग्न ठरले. मालिकेतले नव्हे, मालिकेत माझी दोन लग्ने झाली आहेत आणि दोन्ही वेळा भटजी एकच होते. हे खरे लग्न होते. तारीख मी पाच महिने आधी लेखी कळवली होती, चार दिवसांची रजा मंजूर झाली होती, आणि मला वाटले, झाले. परंतु माझ्या मालिकेतल्या नवऱ्याला मधल्या काळात चित्रपट मिळाला, त्यामुळे त्याला घाईने अपघातात मारावे लागले, आणि माझ्या हातावर मेंदी काढण्याची वेळ आली तेव्हा पडद्यावर मी नुकतीच विधवा झालेली होते. कंटिन्युइटी, म्हणजे एका दृश्यातले रूप पुढच्या दृश्यात तसेच राहते की नाही, हे सांभाळणारा मुलगा धावत आला आणि माझ्या हातांकडे असा बघू लागला, जणू त्यांवर रक्त आहे.

मेंदी न काढण्याचा प्रस्ताव मी आईला सांगताच तिने फोन ठेवला. मग लेखक, दिग्दर्शक, ईपी (कार्यकारी निर्माता) आणि वाहिनीची दोन माणसे यांची बैठक झाली. एकाने हातमोजे सुचवले; जूनमध्ये ठाण्याजवळच्या वाड्यात थोरली जाऊ हातमोजे घालून का फिरते, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. दुसरा म्हणाला, दोन आठवडे हात पदराखाली ठेवा. अखेरीस लेखकाने तोडगा काढला. खऱ्या मृत्युपत्राने चूल पेटवताना माझे दोन्ही हात भाजले, मनगटापर्यंत पांढऱ्या पट्ट्या आल्या, आणि पट्ट्यांच्या आत मेंदी सुखाने रंगत राहिली.

दुर्दैवाने त्या गुरुवारी आकडा वर गेला. पापाची शिक्षा याच जन्मी मिळालेली प्रेक्षकांना फार आवडते, हे वाहिनीच्या ध्यानात आले आणि आठवड्याभराची पट्टी पाच आठवडे लांबली. मेंदी फिकी होऊन गेली, तरी माझे हात काही बरे होईनात. ज्या धाकट्या जावेला मी चार वर्षे छळले, ती मला चमच्याने वरणभात भरवू लागली, आणि थंडगार वरणभाताचे ते नऊ टेक देताना माझ्या डोळ्यांत जे पाणी आले, त्यासाठी प्रथमच ग्लिसरीन लागले नाही.

लग्न झाले. कामाचे पैसे नव्वद दिवसांनी हाती पडतात आणि कार्यालयवाला नव्वद मिनिटेही थांबायला तयार नसतो, ही गंमत माझ्या वडिलांनी मुकाट्याने सोसली. स्वागत समारंभात निम्म्या पाहुण्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले. नवऱ्याच्या आत्याबाईंनी तर आहेराबरोबर कोरफडीचे रोपटे आणले. तेवढ्यात माझा दिवंगत पती सपत्नीक आला आणि बासुंदीच्या रांगेत उभा राहिला. त्याच रात्री साडेआठला त्याचे तेरावे होते. त्याला पाहून एका काकूंच्या हातातली वाटी जी सुटली, ती शेवटी माझ्या खऱ्या नवऱ्याच्या शेरवानीवर स्थिरावली. फोटो मात्र महिनाभर कुठेही टाकायचे नाहीत, अशी तंबी होती: विधवेचा शालू पाहून प्रेक्षकांचा गोंधळ होईल!

माझ्या धंद्यात मोठी माणसे होऊन गेली, यावरच मी तग धरून आहे. हेलन वॅग्नर या अमेरिकन अभिनेत्रीने १९५६ मध्ये एका मालिकेच्या पहिल्या भागातले पहिले वाक्य म्हटले आणि २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत मधली काही खंडित वर्षे वगळता तीच भूमिका केली. तिकडच्याच मालिकांतल्या अभिनेत्री सुसान लुची यांना डे-टाइम एमी या दूरचित्रवाणी पुरस्कारासाठी अठरा वेळा नामांकन मिळून पुरस्कार मिळाला नव्हता. एकोणिसाव्या वेळी, १९९९ मध्ये, तो मिळाला. सर्वोत्कृष्ट खलनायिकेसाठी माझे तीनदा नामांकन झाले आहे आणि तिन्ही वेळा मी टाळ्या वाजवताना कॅमेऱ्याला छान दिसले आहे. आपल्याकडेही ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून अधिक भाग. त्या नावाने हिशेब करायला बसले, तर सासूचे चार दिवस अकरा वर्षे पुरले. सुनेच्या चार दिवसांची मी अजून वाट पाहते आहे, कारण पुढच्या महिन्यात आमच्या मालिकेत लीप आहे, म्हणजे कथा एकदम काही वर्षे पुढे उडी मारणार आहे. मला चोवीस वर्षांचा मुलगा होणार असून तो करणारा नट माझ्यापेक्षा वयाने तीन वर्षांनी मोठा आहे. मला कानशिलाजवळ एक पांढरी बट मिळेल. भुवई तीच राहील.

घरी माझ्या खऱ्या सासूबाई आहेत, आणि त्या अत्यंत प्रेमळ आहेत. लग्नाआधी त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन ‘घरात तेल कुठे ठेवायचं ते आपण बघू’ असे म्हटले होते, हे मला पुष्कळ नंतर कळले. मी सहसा रात्री अकराला परतते, तेव्हा त्या झोपलेल्या असतात. त्यामुळे आमची खरी ओळख साडेआठलाच काय ती वाढली. परवा अचानक लवकर पॅकअप झाले. आठ वाजता घरी पोहोचले, हातपाय धुतले आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्याशेजारी सोफ्यावर बसले. मनात साचलेले बरेच होते. ‘आई,’ मी म्हटले, ‘या लीपनंतर मी मालिका सोडावी असं वाटतंय. तुम्हांला काय वाटतं?’

पडद्यावर मी नुकतीच कपाटाआडून बाहेर आले होते आणि भुवई उचलत होते. सासूबाईंनी नजर न हलवता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘थांब गं जरा,’ त्या म्हणाल्या, ‘तू काय म्हणतेस ते ऐकू दे.’