‘रायफलवाल्यांनी रिव्हॉल्व्हरच्या वाटेला जाऊ नये’ या आपल्या अभिप्रायाला दुकानाच्या मालकाचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण आमच्या दुकानाला एकच तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी काल रात्री वाचला. जन्मभर रायफली घडवणाऱ्यांनी रिव्हॉल्व्हरच्या वाटेला जाऊ नये, असले खेळणे आम्ही आपल्या गळ्यात मारले आणि त्यासाठी आपल्याला पाच खेपा घालायला लावल्या, असे आपण म्हटले आहे. शेवटच्या खेपेला आपल्याला अर्धा तास ताटकळावे लागले आणि माझा मुलगा आपल्याशी तुटकपणे बोलला, याबद्दल मी दिलगीर आहे.

कारखान्याविषयीचे आपले मत हे आपले मत आहे. तरीही आपल्या घरची पॉइंट ३१५ रायफल बंगालमधील इशापूरच्या ज्या रायफल फॅक्टरीची आहे, त्याच फॅक्टरीचे हे २५० ग्रॅम वजनाचे पॉइंट २२ ‘निडर’ रिव्हॉल्व्हर आहे, हे आपण अभिप्रायात लिहिले असते तर वाचणाऱ्यांना बरे पडले असते. थ्री नॉट थ्री आणि पुढे ७.६२ मिलिमीटरच्या रायफली करणाऱ्या या कारखान्याने सैन्यासाठी ९ मिलिमीटरचे पिस्तूलही बनवले आहे, तेव्हा आखूड नळीचे काम त्याला अगदीच नवखे नाही. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे मात्र मी मान्य करतो. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्रातील प्रत्येक घर दर खेपेला नळीच्या बरोबर समोर येऊन थांबावे लागते, आणि घोडा आधी मागे ओढलेला नसेल तर त्याला मागे नेणे व चक्र फिरवणे ही दोन्ही कामे चापाच्या एकाच ओढीत व्हावी लागतात. चाप जड लागतो तो त्यामुळे. पाव किलोचे शस्त्र हातात धरून साडेतीन किलोच्या आसपासच्या रायफलीची स्थिरता आणि तिच्या लांब नळीची नेमबाजी मागणे मला तरी रास्त वाटत नाही.

गळ्यात मारल्याचे म्हणाल, तर मी आपल्याला आधी कानपूरचे ‘निर्भीक’ सुचवले होते. ते पॉइंट ३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे आणि ५०० ग्रॅमचे आहे, पण २०१४ साली ते बाजारात आले तेव्हाच त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती, आणि किंमत ऐकताच आपण दुसरे दाखवा म्हणालात. सदऱ्याच्या खिशात मावेल असेच हवे, हेही आपलेच शब्द होते.

आता पाच खेपांविषयी, कारण खरे सांगायचे तर मला लागले ते तेवढेच. पहिल्या खेपेला आपण केवळ पाहायला आला होता. दुसऱ्या खेपेला आपण मोबाइलमधील परवान्याचे छायाचित्र दाखवलेत, तिसऱ्या खेपेला त्याच छायाचित्राची झेरॉक्स आणलीत, आणि चौथ्या खेपेला मूळ परवाना आणलात तो आपल्या बंधूंचा निघाला. शस्त्र विकताना त्याची नोंद आमच्या नोंदवहीत आणि ग्राहकाच्या मूळ परवान्यावर अशा दोन्ही ठिकाणी करावी लागते, ती मोबाइलच्या काचेवर कशी करणार? ओळखीपाळखीवर शस्त्र देण्याचा विषय आमच्या दुकानात माझ्या आजोबांच्या काळापासून निघालेला नाही, आणि तसे एकदा जरी घडले तरी आमचा विक्रीचा परवाना जाऊन दुकानाला कायमचे कुलूप लागेल. दुकानात एक गोळी झाडून दाखवण्याची आपली मागणीही मी याच कारणासाठी नाकारली होती. तिचा उल्लेख आपल्या अभिप्रायात नाही. पाचव्या खेपेला आपला स्वतःचा मूळ परवाना आला आणि त्याच दिवशी, अर्ध्या तासात, रिव्हॉल्व्हर आपल्या हाती पडले. तो अर्धा तास नोंदी लिहिण्यात आणि पोलीस ठाण्याला द्यायची माहिती भरण्यात गेला.

शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे नवी विक्री कमी झाली आहे. आमच्यासारख्या दुकानांचा बराचसा खर्च आता निवडणुकीच्या काळात लोक जमा करतात त्या शस्त्रांच्या सांभाळणावळीतून भागतो. अशा दिवसांत एका ताऱ्याचा अभिप्राय किती महाग पडतो, हे आपण स्वतः व्यापारी असल्यामुळे मी वेगळे सांगायला नको.

कागदपत्रांची यादी दुकानाबाहेर लावण्याचा आमचा विचार आहे, आणि बसायला आणखी खुर्च्यांचीही काही व्यवस्था करू.

आपल्या रायफलीचा सफाईचा गज चौथ्या खेपेपासून आमच्याकडेच राहिला आहे. तो सवडीने घेऊन जावा. त्यासाठी कोणताही परवाना दाखवावा लागणार नाही.

आपला नम्र,
दुकानाचा मालक